बसण्याचे प्रकार

शेफिल्ड सात टेकड्यांवर वसलंय
हे इथे आले तेव्हा सगळ्यांनीच सांगितलं.
खुब्याने मोजल्या तेव्हा जास्त भरल्या.

वॉर्डात सगळ्यांत लहान मी, अठ्ठावीस.
शेजारच्या खाटेवरच्या मिसेस ओल्डरॉइडना
मी कुणाचीतरी नात वाटले.
"भेटायची वेळ संपली गं," म्हणाल्या,
मग माझ्या उशाशी टेकवलेल्या कुबड्या दिसल्या
तेव्हा आपल्यातली एक टॉफी पुढे केली.

फिजिओ डोनाने कागद दिला:
नव्वद अंशांच्या पुढे वाकायचं नाही.
पायावर पाय टाकायचा नाही.
खाली पडलेलं खालीच राहू द्यायचं.
"बसायचं ते उंच खुर्चीत," ती म्हणाली.
तिच्या लेखी बसणं एकच.
तिला कसं सांगू, आम्ही मांडी घालतो,
फतकल मारतो, उकिडवे बसतो,
एक गुडघा उभा धरून पानावर बसतो,
आणि रुसलो की
गुडघ्यात डोकं खुपसून बसतो.
रुसायलासुद्धा एकशेवीस अंश लागतात, डोना.

आईचा सांगलीहून फोन:
"कुणाला सांगत बसू नकोस हं ऑपरेशनचं.
पाय घसरला म्हण."
मी म्हटलं, आई, मराठीत
पाय घसरण्यापेक्षा टायटॅनियम बरं.
ती हसली नाही.
मग हसली, पण बऱ्याच वेळाने,
आणि हसताना नाक ओढलं.

दर बुधवारी आम्ही चौघं भिंत चढायचो,
रंगीत खुंट्यांची, बोटांना खडू लावून.
आता तिघं चढतात.
मला न सांगता जातात,
मला वाईट वाटू नये म्हणून.
मीही विचारत नाही,
त्यांना वाईट वाटू नये म्हणून.
असा बुधवार आम्ही फार जपून
एकमेकांपासून लपवून ठेवलाय.

सर्जन म्हणाले, वीस वर्षं टिकेल,
सांभाळलंस तर पंचवीस.
धावू नकोस, उड्या नकोत.
तेव्हापासून मी कंजूष झालेय.
जोडीच्या लग्नात ढोलासारखं काहीतरी वाजलं
तर मी खांद्यांनीच नाचले,
आणि घरी येऊन हिशेब केला:
आजचे किती दिवस वाचले?
ते कुठे जमा होतात
कुणी सांगितलं नाही.

बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक पत्रक आहे.
रेषांची दोन माणसं, चेहरे नसलेली,
कुठल्या कुशीवर चालेल, कुठल्या नाही,
बाण, फुल्या, बरोबरच्या खुणा.
ते कितव्या भेटीत काढायचं
हे मात्र पत्रकात नाही.
रॉरी आला होता दोनदा. जिन्यात थांबायचा,
मी वर पोचेपर्यंत मोबाइल बघायचा.
तिसऱ्यांदा मीच बोलावलं नाही.

डिसेंबरात इद्रीसचा वाढदिवस.
त्याचा सोफा म्हणजे विहीर,
आत गेलेला माणूस दोरीनेच बाहेर काढावा.
मी ठरवून गेले होते:
"नको, उभीच बरी आहे."
ट्राममध्ये तीनदा घोकलं.

दार उघडलं. सोफा उंच झालेला.
चारी पायांखाली लाकडाचे ठोकळे,
जुन्या फळीचे, वेडेवाकडे कापलेले,
एकात खिळा तसाच.
कुणी काही बोललं नाही.
टॅमसिन आधीच बसली होती एका टोकाला,
बुटकी बिचारी, पाय अधांतरी,
शाळेच्या गाडीत बसलेल्या पोरीसारखे हलवत.

मी बसले. गुडघा खुब्याच्या खाली,
कागदात होतं तसं.
सोफा एका बाजूला किंचित कलला.
"डुगडुगतो," मी म्हटलं.
"ऑपरेशन नवीन आहे त्याचं," इद्रीस म्हणाला,
"सहा आठवडे दे."
मी इतकी हसले की वाटाण्याचं पाकीट खाली सांडलं.
तिघं एकदम वाकले.
"थांबा," म्हणत मी पिशवीतून चिमटा काढला,
लांब दांड्याचा, हॉस्पिटलचा,
आणि एकेक दाणा उचलत बसले.
फार वेळ लागला.
कुणी मदत केली नाही, याचं किती बरं वाटलं.

रात्री उतारावरून निघाले, रस्त्यावर हिमाचा पातळ पापुद्रा.
डोनाचा नियम आहे:
चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट.
तिला विचारायचं राहिलंय, दोन्हींतला वाईट कोणता?
नवा तर आता दुखतही नाही.
पण उतरताना पहिला तोच टाकते.